मदत हवी आहे: नोटीस सोप्या मराठीत करून द्या (अर्जंट)

मांजराकाठ
कुणीतरी हे सोपं करून द्या. उद्या सकाळी वाटायचंय. साहेब म्हणायलेत, लोकांना कळत नाही. मी सोपं लिहिलं तर म्हणायलेत, मामाला पत्र लिहिलंस का?
‘उपरोक्त विषयान्वये सूचित करण्यात येते की, विहित मुदतीत आक्षेप प्राप्त न झाल्यास आपणास काहीएक सांगावयाचे नाही असे गृहीत धरून नोंद प्रमाणित करण्यात येईल.’

दुधना
कशाची नोंद? कुणाला नोटीस? ‘उपरोक्त विषय’ आम्हाला कुठं दिसतोय?

औशाचा_नाना
वारसाची नोंद असेल तर सरकारच्या ई-हक्क वेबसाइटवर ऑनलाइन अर्ज करा. माझं तसंच झालं.

मांजराकाठ
नाना, मी अर्जदार नाही, तलाठी आहे. वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीत वारसांची नावं लावणं. कायद्यातली नोटीस, म्हणजे नमुना 9, छापीलच आहे, सोबत लावायचं पत्र हे.

जुना_कारकून
शासकीय भाषेला वजन लागतं. बोलीत लिहिलं की कोर्टात टिकत नाही.

दुधना
नमुना 9 आहेच की कोर्टासाठी! आणि वजन कसलं? वारस, हरकत, मुदत, तक्रार हे सगळे फारसी-अरबीतून आलेले शब्द, माझ्या आज्जीलाही कळतात. तिला अडतं ते ‘विहित’ आणि ‘आक्षेप’ इथं.

औशाचा_नाना
निजामाच्या काळातले उर्दू कागद आमच्याकडं अजून आहेत. वाचणारा मिळंना. कुणाच्या ओळखीत आहे का?

दुधना
नाना, वेगळा धागा काढा.
मांजराकाठ, हे घे:
‘तुमचे वडील वारले. त्यांच्या जमिनीला तुम्हा भावाबहिणींची नावं लावायची आहेत. जमीन कुणी काढून घेत नाही. कुणाचं नाव सुटलं किंवा चुकलं असेल, तर नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत तलाठ्याकडं लेखी हरकत द्या. हरकत नसेल तर काही करू नका, नोंद मंजूर होईल.’

जुना_कारकून
‘लेखी’ कशाला? जमीन महसूल संहिता 1966, कलम 150 काढून बघा. हरकत तोंडीही चालते. तलाठ्यानं ती तक्रारी नोंदवहीत, म्हणजे 6-अ मध्ये, लिहायची आणि लगेच पोच द्यायची. सोपं करण्याच्या नादात लोकांचा हक्क कापू नका.

दुधना
हे बरोबर. ‘लेखी किंवा तोंडी हरकत सांगा, पोच मागून घ्या’ असं कर. बहिणींना वेगळी नोटीस पाठवतोस ना? भावाच्या हातात देऊन मोकळं होतात लोक.

मांजराकाठ
एकीचा पत्ताच नाही, पुण्याला दिलीय म्हणे. बघतो. छापायला टाकलं. फक्त ‘वारले’ला साहेबांनी गोल केलाय, ‘मयत’ करू का?