प्रति: विज्ञानाचा नुसता मुलामा?

"असे कलाकार विज्ञानातले दोन-चार शब्द उचलतात आणि बाकी सगळी सजावट," हे विज्ञानावर आधारित कलाकृती करणाऱ्यांबद्दलचं मत सरसकट पटत नाही. पिनार योल्दाश या तुर्की कलावतीचं 'अ‍ॅन इकोसिस्टिम ऑफ एक्सेस' हे कलाप्रदर्शन पाहा. २०१४ मध्ये ते बर्लिनमध्ये मांडलं होतं. तिचा प्रश्न साधा आहे: सजीवसृष्टी आज, प्लास्टिकने भरलेल्या समुद्रात नव्याने सुरू झाली तर कशी दिसेल? मग ती प्लास्टिक पचवणाऱ्या प्राण्याचं जठरच घडवते आणि प्रयोगशाळेतल्या नमुन्यासारखं काचपात्रात ठेवते. फुगे गिळून गिळून ज्याची पाठच फुगणारी झाली, असं एक कासवही तिने कल्पिलंय. (ते मात्र मला जरा गमतीकडे झुकलेलं वाटतं.)

गंमत अशी की २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी साकाई शहरात, बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळच्या गाळात, ज्याच्या बाटल्या बनतात त्या पीईटी प्लास्टिकवर जगणारा जिवाणू सापडल्याचं जाहीर केलं. याला भाकीत म्हणणार नाही. प्लास्टिकवर सूक्ष्मजीवांच्या वसाहती असतात हे आधीच प्रसिद्ध झालं होतं. पण तिची कल्पना त्या अभ्यासाच्या दिशेनेच पुढे गेली होती, आणि सजावटीला एवढा गृहपाठ लागत नाही.