मच्छरदाणीची परीक्षा घ्यायची ती कोणत्या डासांवर?

मूळ मत
कीटकनाशकयुक्त मच्छरदाणीची पहिली परीक्षा शंकू चाचणीने होते. जाळीवर पारदर्शक शंकू बसवून त्यात ॲनाफिलीस या हिवताप पसरवणाऱ्या डासाच्या पाच माद्या तीन मिनिटे ठेवतात; मग 60 मिनिटांनी किती आडव्या पडल्या आणि 24 तासांनी किती मेल्या हे मोजतात. 95 टक्के आडव्या पडल्या किंवा 80 टक्के मेल्या, की जाळी उत्तीर्ण. माझा आक्षेप असा आहे की, या माद्या कीटकनाशकाची झळ कधीच न लागलेल्या, पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या असतात, आणि आफ्रिकेत मात्र पायरेथ्रॉइड या मच्छरदाण्यांवरील नेहमीच्या कीटकनाशकाला दाद न देणारे डास दूरवर पसरले आहेत. म्हणून निर्णय झोपडी चाचणीवरच व्हावा. तिथे माणूस मुद्दाम भोके पाडलेल्या मच्छरदाणीत रात्रभर झोपतो आणि सकाळी वेचलेले रानटी डास मेलेले, जिवंत, रक्त प्यालेले असे निवडले जातात.

पहिला प्रतिसाद : असहमत
शंकू चाचणीला आपण तिचे नसलेले काम सांगत आहात. वीस धुण्यांनंतरही धाग्यात पुरेसे औषध उरले आहे का, एवढेच ती विचारते, आणि त्यासाठी न बदलणारा डासच हवा. रानटी डास ऋतूगणिक, गावागणिक बदलतात. उद्या निकाल घसरला, तर दोष जाळीचा की डासांचा हे कशावरून ठरवणार? मी स्वतः या चाचण्या केल्या आहेत. पाठीवर पडून पाय झाडणारी मादी मोजताना नजर किती फसते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे निदान डास तरी तोच असावा असे मला मनापासून वाटते. शिवाय शंकूत नापास झालेल्या जाळीला बोगदा चाचणीची संधी असतेच : नऊ भोकांच्या जाळीपलीकडे गिनी पिग ठेवून डासांना रात्रभर सोडतात.

मूळ लेखकाचे उत्तर
मग क्लोरफेनापिर या दुसऱ्या कीटकनाशकाचे काय? हे द्रव्य डासाच्या शरीरातील विकरांनी बदलल्यावरच घातक ठरते आणि पेशींच्या मायटोकाँड्रियातील ऊर्जानिर्मिती बंद पाडते. दिवसा सुस्तावलेल्या मादीवर तीन मिनिटांत त्याचा पुरेसा परिणाम होत नाही; मृत्यू 72 तासांपर्यंत मोजावे लागतात. टांझानियातील मिसुंग्वी येथील 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनंतर केवळ पायरेथ्रॉइडच्या जाळ्या वापरणाऱ्या गटातील 45.8 टक्के मुलांना हिवतापाचा संसर्ग आढळला, तर क्लोरफेनापिर व पायरेथ्रॉइड दोन्ही असलेल्या जाळ्यांच्या गटात तो 25.6 टक्के होता. शंकूच्या जुन्या निकषावर विसंबून राहिलो असतो, तर ही जाळी आपण बाजूला टाकली असती, आणि ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

पहिल्या प्रतिसादकाचे प्रत्युत्तर
क्लोरफेनापिरपुरते आपले म्हणणे मला मान्य आहे. त्याची परीक्षा रात्री, जागत्या डासांवरच व्हायला हवी. परंतु आपण दिलेला पुरावा झोपडीतील डासांचा नाही, मुलांच्या रक्ततपासणीचा आहे, आणि तो मिळायला दोन वर्षे लागली. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक खेपेसाठी इतके थांबता येणार नाही.

दुसरा प्रतिसाद
दोघांच्याही बोलण्यात फाटलेली जाळी जवळपास आलीच नाही. औषध तीन वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते. पण खाटेच्या कडेला घासून कोपरा उसवला की उरलेल्या औषधाची मात्रा सांगून भागत नाही. घराघरांतून वापरलेल्या जाळ्या परत आणून आधी त्यांची भोके मोजावीत आणि मग त्याच जाळ्या, न शिवता, झोपडीत टांगाव्यात.