लूमच्या शेडला बिनप्लास्टरचा ब्लॉक: गुळगुळीत की खडबडीत?

होटगीरोडवाला
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमसाठी शेड बांधायचीय. सहा इंची सॉलिड ब्लॉक, प्लास्टर नाही. दोन नमुने आणलेत. एक घोटल्यासारखा गुळगुळीत, दुसऱ्यात चिक्कीसारखी खडी दिसते. कुठला घेऊ?

चाळणी
गुळगुळीत बघून हुरळू नका. खडी दोन्हींत आपल्या काळ्या दगडाचीच असणार, फरक पाडते ती क्रश सँडमधली (दगड फोडून केलेल्या वाळूतली) डस्ट, म्हणजे बारीक भुकटी. डस्ट जास्त झाली की ब्लॉकचं तोंड, म्हणजे वरचा पृष्ठभाग, छान बंद होतं, पण मालाला (ओतायच्या ओल्या मिश्रणाला) पाणी जास्त लागतं. मग ब्लॉक वाळताना आकसतो आणि भिंतीला केसासारख्या चिरा जातात. उलट माल फार कोरडा असला तर कोपरे बोटानं झडतात. बरोबर मालाचा मुठीत लाडू वळतो आणि तळहात नुसता ओलसर होतो.

नमुना वजनावर तपासा. ४००×२००×१५० मिमीचा वाळलेला ब्लॉक साधारण २५ किलो भरतो. २४ तास बुडवून, पुसून परत काट्यावर ठेवा. २७.५ किलोच्या वर गेला तर नको. आयएस २१८५ या ब्लॉकच्या भारतीय मानकाप्रमाणे पाणी शोषण १० टक्क्यांच्या आत हवं. (उन्हात वाळवलेल्याचा आकडा थोडा कमीच येतो, ओव्हनमध्ये वाळवलेल्याचा खरा.)

ओळंबा
खडबडीत ब्लॉक लूमचा खडखडाट थोडा गिळतो. रंगाचे दोन हात बसले की तो गुण बराचसा जातो. पण त्याच भोकांत उडणारी रुई अडकते, झाडूनं निघत नाही. म्हणून आतून खालचे सहा थर बंद तोंडाचे आणि रंगवलेले, वर खडबडीत, बिनरंगाचे. पावसाच्या माऱ्याच्या बाजूला मात्र बाहेरून प्लास्टर कराच. खडबडीत तोंडाला ते धरतंही चांगलं.

होटगीरोडवाला
आणि फ्लाय ॲशचे? एनटीपीसीच्या वीजकेंद्राची राख इथं जवळच आहे.

चाळणी
चालतील. राखेनं तोंड बंद होतं, ताकद मात्र सावकाश येते. कुठलाही घ्या, ओतल्याची तारीख विचारा: १४ दिवस पाणी, मग चार आठवडे सुकवण. मे महिन्यात दोन दिवसांत पांढरा पडलेला ब्लॉक आतून ओलाच असतो.

ओळंबा
आणि गवंडी विटेसारखे ब्लॉक टाकीत बुडवायला लागला तर थांबवा. सांध्याच्या तोंडावर पाणी शिंपडलं की पुरे. मसाला १:६ (एक सिमेंट, सहा वाळू), सांधा १० मिमी.