आपल्या गल्लीतलं, खिशाला परवडणारं मेक्सिकन जेवण: तुमचे अनुभव लिहा

पार्लेकर:
स्टेशनजवळच्या गल्लीत मोजक्या टेबलांचं एक मेक्सिकन हॉटेल आहे. बीन्स, भात, मक्याच्या टॉर्टिया (पातळ पोळ्या) आणि साल्सा (त्यांची चटणी) अशी थाळी २५० रुपयांच्या आत मिळते, पोट भरतं. मुंबईत मेक्सिकन म्हटलं की नाचोजवर ओतलेलं पिवळं चीज आणि भलंमोठं बिल, हेच डोळ्यांपुढे येतं. मेक्सिकोत मात्र नोकरदार माणसं दुपारी ‘फोंदा’ म्हणजे छोट्या खानावळीत ‘कोमिदा कोरिदा’ जेवतात. ठरलेल्या पैशांत सूप, भात, एखादा मुख्य पदार्थ, टॉर्टिया आणि फळांचं सरबत. मला या साध्या, रोजच्या जेवणाबद्दल ऐकायचंय. कुठे खाल्लंत, काय आवडलं, घरी काय जमलं, सगळं लिहा.

डोंबिवलीकर:
ऑफिस अंधेरीला. तिथल्या एका छोट्या हॉटेलात सकाळी चिलाकिलेस मिळतात. उरलेल्या टॉर्टियांचे तुकडे तळायचे, साल्सात परतायचे, वर कांदा आणि चीज. पहिल्याच घासाला आईची फोडणीची पोळी आठवली. काकांना विचारलं, तर म्हणाले टॉर्टिया शिळ्याच हव्यात, ताज्यांचा साल्सात लगदा होतो. गाडीचे धक्के खाऊन आल्यावर ती गरम बशी समोर आली की खरंच बरं वाटतं.

ठाणेकर:
घरी करून बघणाऱ्यांसाठी लिहिते. आपल्या साध्या मक्याच्या पिठाच्या टॉर्टिया लाटताना फाटतात, त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. तिकडे मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, मग धुऊन, सालं काढून वाटतात. त्याने पीठ चिकटून येतं, आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात पोचला, ही रीत पोचली नाही. मग मक्यावरच दिवस काढणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा आजार झाला. हजारो वर्षांपूर्वीच्या बायकांच्या हातची ही अक्कल आहे, मला तिचं फार अप्रूप वाटतं.

म्हणून कुठेही गेले की आधी विचारते, टॉर्टिया कशाची? गव्हाची असली तरी चालेल, उत्तर मेक्सिकोत गव्हाचीही खातात. मक्याची सांगून मैद्याची वाढलेली मात्र मला चालत नाही. एका चकचकीत ठिकाणी असं झालं, तिथे परत गेले नाही. पार्ल्याच्या त्या हॉटेलात मका स्वतः शिजवतात का?

पार्लेकर:
@ठाणेकर, नाही, तयार पीठ आणतात, पण चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचंच. पाकीट दाखवलं मला.

गिरगावकर:
सरबताबद्दल कुणीच लिहिलं नाही! ‘आगुआ दे हमाइका’ नक्की प्या. लाल अंबाडीच्या बोंडांची आपण चटणी करतो ना, तीच बोंडं वाळवून, उकळून, साखर घालून थंड करतात. आंबट, गर्द लाल. मे महिन्यात याच्यापुढे कोल्ड्रिंक नको वाटतं.

मुलुंडकर:
शाकाहारी मंडळींनो, बीन्स कशात परतलेत ते विचारा. मेक्सिकोत परंपरेने डुकराची चरबी वापरतात. आमच्या इथले दादा तेलच वापरतात, आणि सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत म्हणून आदल्या दिवशी फोन केला तर त्यांचे बीन्स वेगळे शिजवतात. जिरं आणि टोमॅटो एवढ्यावरच, तरी चव छान. सासूबाईंनी दोनदा मागून घेतले. राजमा मूळचा तिकडचाच असल्यामुळे त्यांना काही परकं वाटलंच नाही.

माहीमकर:
मांसाहाऱ्यांनी ‘अल पास्तोर’ टाको (टॉर्टियात घातलेलं भाजलेलं मांस) सोडू नये. लेबनॉनकडून गेलेल्या लोकांनी शावरमाची, म्हणजे मांस लावून फिरवत भाजायची उभी सळई मेक्सिकोत नेली, तिथे मसाला बदलला, वर अननस आला. आमच्याकडे डुकराच्या मांसाऐवजी चिकन लावतात. अननस नको म्हणू नका.

दादरकर:
हिरवा साल्सा घरी कसा करायचा? त्यात घालतात ते तोमातियो (टोमॅटोसारखं आंबट हिरवं फळ) इथल्या मंडईत कधीच दिसले नाहीत.

पार्लेकर:
@दादरकर, हॉटेलच्या ताईंनी सांगितलेली पद्धत देते. कच्चे हिरवे टोमॅटो, हिरव्या मिरच्या, कांदा आणि सालासकट लसूण कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचे. लसूण सोलून कोथिंबीर आणि मीठ घालून जाडसर वाटायचं. आंबटपणा कमी वाटला तर लिंबू. दोन दिवस फ्रीजमध्ये टिकतो, भाकरीशीही उत्तम लागतो.

आणि पार्ल्याला येणार असाल तर एकच्या आत या. बीन्सचं एकच पातेलं शिजतं.