प्रतिसाद: स्कॅन नॉर्मल आला म्हणून दावा संपत नाही

या चर्चेत म्हटलं गेलं की एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या २०२४ च्या अभ्यासात एमआरआयमध्ये मेंदूला इजा दिसली नाही, म्हणजे हवाना सिंड्रोमचा (अमेरिकी अधिकाऱ्यांना अचानक जाणवलेली चक्कर, डोकेदुखी अशी लक्षणं, ज्यांमागे हल्ल्याचा संशय घेतला गेला) विषय मिटला. तसं नाही. ते स्कॅन घटनेनंतर, मध्यक काढला तर, ८० दिवसांनी झाले होते. तोवर पहिल्या काही दिवसांतले बदल विरून गेलेले असू शकतात. शिवाय एनआयएचच्याच जोडीच्या अभ्यासात तोल सांभाळण्यातल्या अडचणी आणि थकवा नोंदला गेलाच.

अशा कर्मचाऱ्यांना भरपाई मिळण्याचा मार्ग अमेरिकेच्या ऑक्टोबर २०२१ च्या हवाना कायद्याचा आहे. तिथल्या परराष्ट्र खात्याच्या २०२२ च्या नियमांत हल्लेखोर कोण हे सिद्ध करायची अट नाही. मेंदूची इजा डॉक्टरांनी प्रमाणित करावी लागते. अचानक सुरू झालेली आणि टिकून राहिलेली लक्षणं असतील, तर तपासण्यांचा आधार आणि किमान १२ महिन्यांचे उपचार लागतात. म्हणून पहिल्या भेटीपासून प्रत्येक केसपेपरवर तारीख, ठिकाण आणि लक्षण लिहून घेणं फार महत्त्वाचं. मधे उपचारांत खंड पडला की अर्ज लंगडा होतो.

खरी गोम मात्र वेगळीच आहे. ती घटना भरपाईला पात्र मानायची की नाही, हे कर्मचाऱ्याच्याच खात्याचा प्रमुख ठरवतो. सीआयए या गुप्तचर संस्थेच्या अधिकाऱ्याचा न्याय सीआयएच करणार! हे अन्यायाचं आहे. म्हणून मागणी नेमकी हवी: नकाराची कारणं लेखी द्या आणि अपील खात्याबाहेरच्या मंडळाकडे जाऊ द्या.