नाटक करून निधी, की सरळ पावती पुस्तक?

टिळकवाडीकर: आमच्या बेळगावातल्या हौशी मंडळानं डायलिसिसच्या पेशंटांसाठी नाटक बसवायला घेतलंय, दिवसा दुकान-ऑफिस, रात्री देवळाच्या हॉलमधे तालीम. हेतू चांगला, पण हिशोब बघा. समजा 200चं तिकीट, 400 सीटा, सगळ्या गेल्या तरी 80 हजार, त्यातून हॉलचं भाडं, लाइट-साऊंड, नेपथ्य, कपडेपट, लेखकाचं मानधन, तालमीचा चहा वजा केला की पेशंटाला काय उरतंय? त्यापेक्षा पावती पुस्तक घेऊन फिरा की!

शहापूरवाला: कुठं फिरालाय? गणपतीची वर्गणी झाली, शिवजयंतीची झाली, आता पुस्तक दिसलं की आतनंच आवाज येतो, मालक घरात नाहीत म्हणून. तिकीट घेणारा बायकापोरांसकट येतो. आणि 1921 साली बालगंधर्व आणि केशवराव भोसल्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी, म्हणजे स्वातंत्र्यलढ्याच्या निधीसाठी, मुंबईत संयुक्त मानापमान, म्हणजे दोघांच्या कंपन्यांनी मिळून ते नाटक केलंच होतं की.

टिळकवाडीकर: ते बालगंधर्व हो! आमच्या नायकाला प्रॉम्प्टर नसला तर दुसरा अंक पुढं सरकत नाही. तिकिटं घेणार कोण, नटांचे मेव्हणे.

खानापूरची: मेव्हण्यांचे पैसे काय खोटे असतात काय? आमच्या गावात यात्रेतल्या नाटकाला तिकीटच नसतं, मधेच माईकवरनं बक्षिसं पुकारतात, अमक्याकडून 501, मग शेजारच्याला 1001 द्यावेच लागतात 😀 तुम्ही खर्च स्मरणिकेच्या जाहिरातींवर काढा, तिकिटाचा पैसा अजिबात हलवू नका. 500 पर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी पण नाही.

वडगावकर: माझा विरोध वेगळाय. मध्यंतरात पेशंटाला स्टेजवर बोलावतात, पाकीट हातात, फोटो, नमस्कार... तो बिचारा कालच चार तास मशीनला होता, त्याला कशाला उभा करता? आणि डायलिसिस आठवड्यातनं दोन-तीनदा लागतं, एका प्रयोगाचे पैसे कितीसे पुरणार.

खानापूरची: फोटोचं शंभर टक्के बरोबर. पण गरिबांना सरकारी दवाखान्यात डायलिसिस फुकट मिळतंय, 2016 पासूनची योजना हाय. अडतंय ते जाण्यायेण्याला. कणकुंबी-जांबोटीकडचा माणूस बेळगावला आठवड्याला तीनदा येणार, बरोबर एक माणूस, त्याची मजुरी बुडाली ती वेगळीच. तेवढं बसभाडं द्या, नाटकाचा पैसा बरेच महिने पुरतोय. आणि कानडी पेशंट, मराठी पेशंट असलं काही काढू नका म्हणजे झालं.

टिळकवाडीकर: बसभाड्याचं पटलं. पण खर्चाचा कागद देवळाच्या फळ्यावर लावा, प्रयोगाच्या आधी. मग दोन तिकिटं घेतो. बघायला येईन असं नाही.

शहापूरवाला: आधी कसा लावणार, मांडववाल्यानं अजून रेटच दिलेला नाही!