२७५ मीटरची चिमणी आणि १० किलोमीटरचा नियम

धागालेखक
कोळशाच्या वीज केंद्रांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साईडसाठी केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये मानके आणली. मुदत आधी २०१७ची होती, ती वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये तर सुमारे ७८ टक्के वीजनिर्मिती संचांना एफजीडीतून (धुरातला गंधक काढणारी यंत्रणा) सूटच मिळाली. सरसकट सक्ती उरली ती दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतल्या संचांना.

माझा आक्षेप या १० किलोमीटरवर आहे. ५०० मेगावॅटच्या संचाला २७५ मीटरची चिमणी आपणच बांधायला लावली, धूर जवळ पडू नये म्हणून. मग तो दूर जातो. वाटेत या वायूचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात आणि शेकडो किलोमीटर वाहत जातात. सिंगरौली-सोनभद्र पट्टा बघा. विंध्याचल वीज केंद्र (४,७६० मेगावॅट) मध्य प्रदेशात, रिहंद आणि अनपरा ही केंद्रं उत्तर प्रदेशात, छत्तीसगड आणि झारखंडच्या सीमा जवळच. वाऱ्याला यातली कुठली सीमा कळते?

औष्णिक
असहमत. आपल्या कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का. हवेतल्या सल्फर डायऑक्साईडची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे आणि बहुतेक शहरं तिच्या बरीच खाली आहेत. एफजीडीला चुनखडी लागते, म्हणजे खाणी आणि वाहतूक आली. प्रक्रियेत कार्बन डायऑक्साईड सुटतो, संचाची वीजही खर्च होते. त्यापेक्षा राख धरणारे ईएसपी नीट चालवा, लोकांना फरक लगेच जाणवेल.

धागालेखक
ईएसपी नीट चालवाच, पण ते चिमणीच्या आधी असतात. सल्फेट तयार होतं चिमणीतून बाहेर पडल्यावर. ते ईएसपीत सापडणार कसं? आणि शहरातलं यंत्र वायू मोजतं, तोवर त्यातला बराचसा पीएम २.५ मध्ये (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांत) गेलेला असतो. आकडा कमी दिसला म्हणून धूर कुठे नाहीसा होत नाही.

सीमावासी
पीएम २.५ मध्ये चुली, वाहनं, शेतातला पेंढा सगळंच आहे, एकट्या वीज केंद्रांना धरू नका. पण कायद्याची अडचण खरी आहे. १९८१च्या वायू कायद्याने राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्यापुरतंच बघतं. अनेक राज्यांवर अधिकार असलेला हवेच्या गुणवत्तेचा आयोग २०२१च्या कायद्याने झाला, तोही दिल्ली आणि आसपासच्या राज्यांसाठीच. अमेरिकेच्या कायद्यात वाऱ्याने धूर ज्या राज्यात येतो त्याला, तो जिथून येतो त्या राज्याविरुद्ध दाद मागता येते. आपल्याकडे सिंगरौलीच्या धुराबद्दल झारखंडने कोणाकडे जायचं?

औष्णिक
आयोगाला माझा विरोध नाही. सल्फेट वेगळं मोजा, हेही मान्य. पण खर्च कोणी द्यायचा? वीजदर वाढला की पहिली ओरड ग्राहकाचीच.

धागालेखक
जो वीज घेतो त्याने. विंध्याचलची वीज महाराष्ट्रही घेतो. आपल्या बिलात थोडे पैसे वाढले तर मी ते द्यायला तयार आहे, कारण आज ती किंमत तिथली मुलं श्वासातून देत आहेत.